गिटारवरचं केसांचं रबर

अन्याय झाला खमरियाच्या प्रज्ञाताईवर, दहा वर्षांपूर्वी, कॉलेजच्या बँडसाठी लीड गिटार निवडायच्या दिवशी, दुपारी ठीक चार वाजता. परवा नेपियर टाउनमधल्या वाद्यांच्या दुकानात तापलेल्या अँपचा, म्हणजे गिटारच्या अँप्लिफायरचा, धुरकट वास आला आणि ती दुपार समोर उभी राहिली.

त्या दिवशी ताईने अँपवरचा गेन, म्हणजे आवाजाची खरखर, कमी केला, बास उतरवला. मग वेणीचं काळं रबर काढून गिटारच्या टोकाशी तारांवर चढवलं, म्हणजे मोकळ्या तारा उगाच घुमत नाहीत. भरधाव वाजवतानाही एकेक सूर फुटाण्यासारखा सुटा, टणक येत होता.

परीक्षक सर उठले. "काहून वं, गिटारची चोटी घालून राहिली का?" त्यांनी रबर ओढून काढलं. हॉल हसला.

"सर, तारा दाबायला आहे ते."

"अच्छा? मग देवानं बोटं कशाला दिली? चलो, अब बजाओ."

तिने वाजवलं. सगळ्या तारा एकदम घुमल्या, सुरांचा चिखल झाला. पुढच्या पोराने त्याच जागी पायातला मोजा बांधला. सर म्हणाले, "वा! टोन किती साफ!" लीड त्यालाच मिळाली. ताईने पुन्हा गिटार हातात घेतली नाही.

पहिल्या रांगेत बसून मीही हसले होते. तेव्हा ती मला गंमत वाटली. आज स्वतःची शिसारी येते.

त्या दिवशी हॉलमध्ये असलेल्यांनो, तुम्हीही हसलात. रविवारी माझ्याबरोबर खमरियाला चला आणि ताईच्या तोंडावर ते कबूल करा.