बिनसुईची बाटली

संत्र्यांबरोबर जुलाबही बाजारात येतात, असं तुळसाबाई म्हणे. ती नागपूरच्या सरकारी दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात आया होती, आणि बावीस हिवाळे तिनं एका पलंगावर तीन-तीन पोरं आडवी झोपवली होती. लग्नघरातली मोठी जाऊ फिरते तशी ती वॉर्डभर फिरे: हिचं दुपटं बदल, त्याचं नाक पूस, तिसऱ्याच्या आईला दटाव.

एक्याऐंशीच्या जानेवारीत सलाईनच्या दोनच बाटल्या उरल्या. डॉक्टर मधुसूदन नवीन होते. त्यांनी मीठ-साखरेच्या भुकटीची पाकिटं आणली होती. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात एक पाकीट विरघळवायचं आणि चमच्या-चमच्यानं पाजायचं. पहिल्या दिवशी तुळसाबाई गालात हसली. तिसऱ्या दिवशी डोळे उघडून बसलेली पोरं पाहिली आणि ती त्या पाकिटांची पक्की भक्त झाली.

चौथ्या दिवशी सकाळी काटोलकडच्या इंदूबाई दीड वर्षांच्या नातवाला, कवडूला, घेऊन आल्या. सून घरी बाळंतीण होती. कवडूचे डोळे खोल गेले होते आणि रात्रीपासून त्याला लघवी झालेली नव्हती.

डॉक्टर तुळसाबाईला म्हणाले, "दुपारपर्यंत लघवी झाली पाहिजे. नाही तर बाटली लावू, पण याची शीर सापडेलसं वाटत नाही."

तुळसाबाईनं चमचा पुढे केला. इंदूबाईंनी नातवाचं तोंड पदरानं झाकलं.

"पाणी? जुलाबात पाणी पाजतेत का वं? कालपासून थेंब नाई देल्ला मी त्याले."

"म्हणून तर सुकला न तो, आजी."

"बाटली टांग. पाणी पाजाले काहून येऊ मी नागपूरले? घरी विहीर हाय माही."

तुळसाबाई उठून आत गेली. मग सलाईनची रिकामी बाटली आणि नळी उकळून आणली, तीत भुकटीचं पाणी भरलं, बाटली स्टँडला उलटी टांगली आणि नळीचं टोक चमच्यात धरलं. टप, टप, टप. चमचा भरला की कवडूच्या ओठाशी.

"सुई कुठं हाय?"

"ही बिनसुईची हाय. नवी आली."

इंदूबाईंनी पदर बाजूला घेतला.

फेरीला आलेले डॉक्टर तिथंच थबकले. बाटली पाहिली, नळी पाहिली, चमचा पाहिला. ओठ घट्ट मिटून त्यांनी विचारलं, "वेग किती ठेवलाय?"

"एक चमचा, मंग दमभर थांबणं. ओकला तर दहा मिनिटं सुट्टी."

"बरोबर आहे," म्हणत डॉक्टर घाईनं व्हरांड्यात गेले. तिथून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला.

बातमी पसरायला उशीर लागला नाही. बाकीच्या पलंगांवरच्या बायका म्हणू लागल्या, "आमच्याले नुसता चमचाच काहून? आमालेबी तीच लावा." पाच स्टँडना पाच बाटल्या लटकल्या. पाच पलंगांवर टपटप सुरू झाली, आणि तुळसाबाई चमचे वाटता वाटता घामाघूम झाली.

बारा वाजले. कवडूचं दुपटं कोरडंच. एक वाजला, तरी कोरडंच. तुळसाबाईनं ते इतक्यांदा चाचपलं की शेजारच्या पलंगावरच्या बाईला हसू आलं. तिला स्वतःला मात्र आलं नाही.

इतक्यात इंदूबाईंनी चमच्यातला थेंब बोटावर घेऊन चाटला.

"मीठ-साखर हाय हे."

"हो, आजी."

"साधं पाणीच मंग."

"भुकटीचं पाणी. औषधच हाय, पण पाणीच."

"मंग वर काहून टांगलं?"

"तुमच्यासाठी."

इंदूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, कवडूकडे पाहिलं. तो चमच्याकडे तोंड पुढे करत होता.

"मोठी लबाड हायेस वं तू. आण इकडं. सकाळपासून तूच पाजून राह्यली."

पहिल्यांदाच आजीनं पाजलं. अडीचच्या सुमारास डॉक्टरांनी कवडूला पोट तपासायला उचललं, आणि त्यानं त्यांच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कोटावर लांबलचक, ऊन ऊन धार सोडली.

 तुळसाबाई भुईवर बसली आणि तोंडाला पदर लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग पाचही पलंग हसायला लागले. डॉक्टर ओल्या कोटानिशी कवडूला हवेत तसेच धरून उभे होते, हलायला तयार नव्हते.

"होऊ दे," ते म्हणाले, "पूर्ण होऊ दे त्याचं."