जीप वेशीवरून परत गेली

कालपर्यंत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, संघटनेतल्या सोबत्यांना नाही. तुम्ही माझी पत्रकं वाचली असतील — दुसऱ्याला खडसावण्यात माझा हात सरावलेला आहे. आज स्वतःला खडसावायचं, तर वाक्य पुढे सरकत नाही.

आमचं गाव हिंगणघाटकडचं, कापसाचं. आणीबाणी नुकतीच उठली होती. नसबंदीच्या गाडीची धास्ती अजून अंगात होती. जीप दिसली की माणसं वावरात पळायची. आणि दिल्लीपासून आमच्या पारापर्यंत एकच बोलणं — परकीय हात. बाहेरच्या पैशाला सरकारची परवानगी लागू लागली होती. अशात कुष्ठरोग तपासणारं एक पथक तालुक्यात फिरायला लागलं. पोरं आपलीच, आपल्यासारखीच बोलणारी. पण जीप आणि गोळ्या परदेशी देणगीच्या. घरोघर जायचे, डोळे मिटायला सांगायचे आणि अंगावरच्या चट्ट्याला कापूस लावायचे. कळला तर ठीक. नाही कळला तर रोग.

मी वीस वर्षांचा. पत्रक काढलं — ‘अंग तपासायचं निमित्त, देश पोखरायचा डाव’. गोऱ्यांचा पैसा आपल्या लेकीबाळींचं अंग कशाला बघतो? गोळ्या रोगाच्या, की मूल न होण्याच्या? पुढे प्रश्नचिन्ह टाकलं की खोटं बोलल्यासारखं वाटत नाही, हे मी तेव्हाच शिकलो होतो. सरपंचांनी ते पारावर वाचून दाखवलं. ग्रामसभेचा ठराव झाला. जीप वेशीवरून परत गेली, गावातल्या पोरांनी मागून ढेकळं मारली, आणि मला खांद्यावर घेतलं.

तुम्ही म्हणाल, तरुण होता, चुकला. तेवढंच असतं तर लिहायला बसलो असतो का? कोणाचा पैसा, कशासाठी, हे विचारलंच पाहिजे. मी आजही विचारतो. पण तेव्हा मी विचारत नव्हतो. पत्रक लिहायच्या आधी — दार लावून, डोळे मिटून — मी माझ्या मांडीवरच्या फिकट चट्ट्यावर कापूस फिरवला होता. आमच्याच वावरातला.

तो मला कळला नव्हता.

पथक आमच्या दारात आलं असतं, तर? गावानं आमच्या घरचं पाणी सोडलं असतं. म्हणून देशाची भीती मी पांघरली, माझा चट्टा झाकायला. आणि मग काय केलं? संघटनेचं काम सांगून नागपूरला जायचो आणि गुपचूप गोळ्या आणायचो. डब्यावर परदेशी अक्षरं होती. चट्टा गेला.

शेजारच्या शेवंतावहिनीचा गेला नाही. तिच्या कोपराजवळ होता. पुढे तिची बोटं आखडत गेली, वेचणीत बोंडातून कापूस निघेना. सगळे म्हणाले, वात. मीही म्हणालो, “वातच असन, वहिनी.” शेवटी मागच्या वर्षी मीच तिला सरकारी दवाखान्यात नेलं. रोग थांबेल, बोटं सरळ व्हायची नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ती बायांना सांगते, भाऊजीनं नेलं म्हणून वाचली मी.

काल तिच्या ओसरीवर बसून मी पत्रकाचं सांगितलं. माझ्या मांडीचंही सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती, तळव्यानं दाबून दाबून. दाणे सुपात सारून तिनं विचारलं,

“तुमचा गेला काय पुरा?”

“गेला.”

“आन् माह्या हातावरचा? तो तवाच दिसला होता काय तुमाले?”

हे मी सांगितलं नव्हतं. कबुलीतही तेवढं मागे ठेवलं होतं.

“दिसला होता.”

तिनं दोन्ही मनगटांत सूप धरलं, उठली आणि आत गेली.