लामेराच्या अँब्युलन्सची धर्ममाता

३० मार्च २०१९, शनिवार. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात ३,८५० युरोचा चेक होता, लामेरा गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा. खजिनदार म्हणून सही माझी. शेजारच्या फोन्ताल्वा गावच्या दलाचे अध्यक्ष सेवेरिनु यांच्याही खिशात तेवढ्याच रकमेचा चेक होता. भंगारवाल्याच्या मुलीने तशी अटच घातली होती. वडिलांच्या शेडमधली जुनी अँब्युलन्स ज्या गावची ठरेल त्या गावाने न्यावी, भाव एकच. कोणाचीच ठरली नाही, तर पोर्तोचा एक माणूस ती लग्नांत भाड्याने फिरवायला घेऊन जाणार होता.

१९५६ साली दोन्ही गावांनी एकाच कारखान्यातून हुबेहूब सारख्या अँब्युलन्स घेतल्या आणि १९७४ साली दोन्ही याच भंगारवाल्याला विकल्या. त्याने एक कापली, एक ठेवली. कुठली ठेवली हे सांगायला तो आता हयात नाही. नंबरप्लेट काढलेली, चासीवरचा आकडा गंजाने खाल्लेला.

निकाल द्यायला कोइंब्राहून जुन्या गाड्यांच्या क्लबचे इंजिनियर अब्रांतिश आले होते. आणि माझ्या गाडीत मागच्या सीटवर, मांडीवर पर्स घट्ट धरून, ग्रासिंदामावशी बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. सकाळी न बोलावताच त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. "लेकरू सापडलंय म्हणतात," म्हणाल्या. "बघायला नको का?"

ग्रासिंदामावशी आणि त्यांचं हे लेकरू म्हणजे गावातली जुनी थट्टा. दलात नवी गाडी आली की फादर तिच्यावर पवित्र पाणी शिंपडतात आणि तिची धर्ममाता बंपरवर फेसाळ वाइनची बाटली फोडते. त्या अँब्युलन्सची धर्ममाता तेलघाण्याची मालकीण दोना लिओनोर होती, असं आमच्या दलाच्या ठाण्याच्या भिंतीवर संगमरवरात कोरलेलं आहे. मावशी तेव्हा एकोणीस वर्षांच्या, दोना लिओनोरच्या मोलकरीण. बाटलीचं तबक घेऊन मालकिणीच्या मागे चालणं एवढंच त्यांचं काम.

पण मावशींचं म्हणणं असं की भर चौकात दोना लिओनोर पोट धरून खाली बसल्या. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, आत्ताच्या आत्ता काश्तेलु ब्रांकुच्या इस्पितळात हलवा. फादर म्हणाले, गाडीचा बाप्तिस्मा व्हायचाय. ड्रायव्हर जुस्तिनु म्हणाला, मग उरका. फादरनी इकडेतिकडे पाहिलं. बाटली ग्रासिंदाच्या हातात होती. "मार तूच," ते म्हणाले. पहिल्या फटक्याला बाटली फुटली नाही, दुसऱ्याला फुटली. गाडीने पहिला रोगी नेला तो स्वतःच्या ठरलेल्या धर्ममातेलाच. दोना लिओनोर पुढे नव्वदीपर्यंत जगल्या. संगमरवर मात्र आधीच कोरून, पैसे देऊन झाला होता. तो बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही. मालकिणीने विषय काढला नाही, आणि ग्रासिंदाला त्याच स्वयंपाकघरात दिवस काढायचे होते.

जुस्तिनु तेवढा विसरला नाही. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आमच्याकडे मूल धर्ममातेला आशीर्वादाची फांदी नेऊन देतं. जुस्तिनु दरवर्षी अँब्युलन्सच्या पुढच्या टोकावर ऑलिव्हची फांदी उभी करून गाडीसकट घाण्याच्या मागच्या दाराशी यायचा. ईस्टरला ग्रासिंदा त्याच्याकडे अंडं घातलेला गोड पाव द्यायची, गाडीसाठी. तो पाव कोण खात असे हे सांगायला नको. गाडी विकली गेली आणि ते थांबलं. पाहणारे एकेक करून गेले, संगमरवर राहिला. दलाच्या कँटीनमधली पोरं विचारायची, "मावशी, तुमच्या लेकराला पेन्शन लागली का?"

"लागली," मावशी म्हणायच्या. "तुला नोकरी लागली का?"

एवढं बोलून त्या दुधाची पिशवी उचलून घरी जायच्या. लग्न केलं नाही, घाणा बंद पडल्यावर दवाखान्याच्या चादरी धुतल्या, कोणापुढे हात पसरला नाही. पण बाटली आपण फोडली, हे म्हणणं त्यांनी एकदाही मागे घेतलं नाही.

शेडमध्ये अब्रांतिशसाहेब तासभर गाडीखाली होते. बाहेर आले तेव्हा खूश दिसले. सांगाडा खरा, स्ट्रेचरचे रूळ खरे, औषधांचं कपाटही मूळचं. मग ते बॉनेटवर लोहचुंबक फिरवू लागले आणि पुढच्या कडेजवळ थांबले. तिथे तीन जागी चुंबक धरेना. रंग खरवडला, तर खाली शिसं भरून बुजवलेली तीन भोकं.

"हे कारखान्याचं काम नाही," ते म्हणाले. "बॉनेट दुसऱ्याच गाडीचं आणून बसवलेलं दिसतंय. अशा जोडलेल्या गाडीवर मी सही करणार नाही."

सेवेरिनुंचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. आमच्या दोन गावांचं एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग. "आमच्या गाडीला असली भोकं कोणी पाडली नव्हती," सेवेरिनु कुरकुरले.

तोवर बसून कंटाळलेल्या मावशी आत आल्या होत्या. त्या सरळ बॉनेटपाशी गेल्या आणि तिसऱ्या भोकावर त्यांनी बोट ठेवलं.

"फांदीची भोकं ही. जुस्तिनुने पाडली. हे तिसरं वाकडं गेलं, तेव्हा त्याने फादरच्या देखत शिवी दिली होती."

"मावशी," सेवेरिनु हसून म्हणाले, "धर्ममाता कोण ते तुमच्याच भिंतीवर कोरलंय की."

"कोरणाऱ्याने आदल्या आठवड्यातच कोरलं होतं. तो काय बघणार?"

अब्रांतिशसाहेब हसले नाहीत. त्यांनी एक खोकं ओढून मावशींना बसायला दिलं आणि विचारलं, इथे नेमकं काय बसवलं होतं? मावशी म्हणाल्या, लोखंडी नळी, स्क्रू लावायला तीन कान असलेली, फांदी उभी राहायला. गाडी विकायच्या दिवशी जुस्तिनुने ती काढून त्यांना आणून दिली होती.

"आता कुठे आहे ती?"

"माझ्या स्वयंपाकघरात. लाकडी चमचे ठेवते त्यात. दोनच खिळ्यांवर लटकलीय. तिसऱ्या कानात स्क्रूचं डोकं अडकलंय, ते काही निघालं नाही."

साहेबांनी क्षणभर मावशींकडे पाहिलं. मग बारीक पटाशी घेऊन ते तिसऱ्या भोकातलं शिसं कोरू लागले. आत तुटका स्क्रू होता, डोकं नसलेला. "जा, ती नळी घेऊन या," ते मला म्हणाले. आवाज बदलला होता.

मी मावशींना घेऊन लामेराला गेलो आणि परत आलो. घाईत त्यांनी नळी चमच्यांसकट आणली होती, आणि वाटेत एकदाही माझ्या हातात दिली नाही. शेडमध्ये त्यांनी चमचे काढून सेवेरिनुंच्या हातात दिले. फोन्ताल्वाचे अध्यक्ष मूठभर चमचे धरून उभे राहिले. साहेबांनी नळी बॉनेटवर टेकवली. पहिला कान जुळला. दुसरा जुळला. तिसरा वाकड्या भोकावर वाकडाच जुळला. मग त्यांनी भिंग लावून स्क्रूची दोन्ही तुटकी टोकं पाहिली. वरच्या दातासमोर खालचा दात यावा तशी ती एकमेकांत बसत होती.

"बॉनेट याच गाडीचं," साहेब म्हणाले, "आणि गाडी लामेराची."

ते दाखला लिहायला बसले. एका ओळीपाशी थांबून त्यांनी मान वर केली. "धर्ममातेचं पूर्ण नाव सांगा."

मी संगमरवरावरचं नाव सांगणार नाही, एवढं मावशींना बहुधा ठाऊक होतं, पण त्यांनी माझी वाट पाहिली नाही. पर्स मिटली, ताठ बसल्या आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "ग्रासिंदा द जेझुश पिरिश." साहेबांनी लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला.

सेवेरिनुंनी चमचे परत दिले. "आमच्या गाडीची धर्ममाता लिस्बनहून आली," ते म्हणाले, "बाटली फोडून गेली ती पुन्हा फिरकली नाही. आम्ही फांदी नेणार तरी कुणाकडे? मावशी, आम्हालाही दत्तक घ्या."

"आधी तुमचं गाव सुधारा," मावशी म्हणाल्या.

१४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार. अँब्युलन्सचं इंजिन अजून चालत नव्हतं. तिला ओढून आणायला फोन्ताल्वाने आपला बंब पाठवला, आणि तो चालवत सेवेरिनु स्वतः आले. बॉनेटवर नळी, नळीत ऑलिव्हची फांदी, मागे अख्खं गाव. कँटीनमधली पोरं टोप्या काढून चालत होती. मिरवणूक ठाण्यावरून गेली. तिथे जुन्या संगमरवरी पाटीच्या शेजारी तेवढीच नवी पाटी लावलेली होती, ग्रासिंदामावशींच्या नावाची.

मावशी निळा कोट घालून आपल्या घराच्या दारात उभ्या होत्या. गाडी उंबऱ्याशी थांबली. त्यांनी आधी बंपरवर हात फिरवला, मग फांदी काढून घेतली.

"उशीर केलास गं," त्या गाडीला म्हणाल्या.

पुढच्या रविवारी ईस्टरचा पाव ठाण्यावर पोहोचला. या वेळी दोन होते, दुसरा फोन्ताल्वासाठी.

नळी पुन्हा बसवायला तीन पितळी स्क्रू लागले होते. मिरवणुकीच्या सकाळी, रविवार असूनही, दुकानदार बेल्मिरुने मागच्या दाराने हार्डवेअरचं दुकान उघडून ते दिले. त्याचे दोन युरो दहा सेंट अजून द्यायचे आहेत.