खंडेनवमीला धुतलेलं इंजिन

माझ्या मुलीने आणि तिच्या तीन मित्रांनी वाफेचं जुनं इंजिन विकत घेतलं आणि इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या शेडमध्ये त्याचे सगळे पाइप सोडवून ठेवले. खंडेनवमीला यंत्राची पूजा हवीच, म्हणून मी तिची शेडची किल्ली घेऊन आधीच पोहोचलो, एकेक पाइप घासूनपुसून लख्ख केला, कुंकू लावलं आणि शाबासकी घ्यायला ऐटीत उभा राहिलो.

मुलगी आली ती किंचाळलीच. "बाबा, आर यू सिरियस? खडूने लिहिलेले नंबर पुसले तुम्ही! कुठला पाइप कुठे बसतो, आता कोण सांगणार?"

"एवढं मोठं इंजिन, आणि खडूने लिहिता?" मीही कडाडलो. "मळक्या इंजिनाला कुंकू लावतात का?"

"मग विचारा आता इंजिनालाच!" तिने कामाच्या वेळी घालायचं ओव्हरऑल माझ्या अंगावर भिरकावलं.

तेव्हापासून दर शनिवारी मी पाइप जुळवून बघतो. ती अजून बोलत नाही, फक्त पाना पुढे करते.