वहिनींची पश्चिमेची खिडकी

पेणच्या आमच्या घराला बाजूला गॅरेज आहे आणि गॅरेजवर एक खोली होती. ती मी पाडून घेतली. का पाडली, याची कारणं आळीत निरनिराळी सांगतात. कुणी म्हणतं स्लॅब गळत होता, कुणी म्हणतं म्हाताऱ्याला भास व्हायला लागले. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण खरं काय ते लिहून ठेवायला हवं. ते पहिल्यापासून ठाऊक असलेली माणसं दोनच, एकीची नजर गेली आहे आणि दुसरा मी.

माझा धंदा घरांचे नकाशे काढण्याचा. लोक उतारा घेऊन यायचे, मी मापं घ्यायचो, नकाशा काढायचो आणि नगरपालिकेतून मंजूर करून आणायचो. बाजूच्या गॅरेजचा नियम तर मला पाठच होता. घराच्या बाजूनं कुंपणापर्यंत मोकळं अंतर सोडायचं असतं. त्यात गाडीपुरती बुटकी शेड चालते, कारण तिच्यावरून उजेड आणि वारा जातो. तिच्यावर मजला चढवायचा तर ते अंतर पुरं सोडूनच चढवावा लागतो. लोक कुरकुरायचे, जागा आमची, मग वरचं आभाळ कुणाचं? मी म्हणायचो, निम्मं शेजाऱ्याचं.

आमच्या पूर्वेला वहिनींचं घर. गणपतीच्या मूर्तींचे डोळे रेखणं हे त्यांचं काम. जवळच्या जोहे गावाहून टेम्पोनं मूर्ती यायच्या, सगळ्या रंगवलेल्या, फक्त डोळे कोरे. वहिनी माडीवरच्या खिडकीशी पाट मांडून बसायच्या. ती खिडकी पश्चिमेला, बरोबर आमच्या गॅरेजच्या छपरासमोर. दुपार कलली की गॅरेजच्या छपरावरून ऊन तिरपं आत शिरायचं आणि त्यांच्या पाटावर यायचं. तेवढ्या उजेडात त्या डोळे काढायच्या. कुंचल्यावर रंग जास्त आला की वाटीच्या कडेवर तो झटकायच्या. टिक, टिक. आमच्या अंगणात ऐकू यायचं. त्या आवाजावर माझी बायको चहाचं आधण ठेवायची.

पावसाळ्यात मात्र ती खिडकी बंद असे. आमच्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून थेट भिंतीवर येते, म्हणून मृगाआधी त्या बाजूला झाप बांधतात. झावळ्या विणून केलेला पडदाच तो, हल्ली त्यावर निळं प्लास्टिकही टाकतात. दसऱ्याच्या सुमारास तो उतरवायचा. तोवर वहिनी उरलेलं काम पुढच्या ओटीवर बसून करायच्या. त्यांचे यजमान गेल्यापासून त्यांची झाप मी बांधायचो आणि मीच काढायचो. मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी आहे म्हटल्यावर ते आलंच.

मग मुलाचं लग्न ठरलं. तो रोह्याला कंपनीत, शिफ्टची नोकरी, पेणहून जाऊन-येऊन करायचा. त्याला आणि सुनेला वेगळी खोली हवी होती आणि जागा एकच होती, गॅरेजच्या वर. बाजूचं अंतर पुरत नव्हतं. अडचणीच्या जागेला सवलत मागता यायची, पण शेजाऱ्याचा उजेड अडत नसेल तरच. माझ्या नकाशात वहिनींची पश्चिमेची भिंत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका सरळ रेघेनं काढली. खिडकीची खूण केली नाही.

त्या साली झाप मी लवकर बांधली. दरवर्षी खिडकीपुरती बांधायचो, त्या वर्षी सबंध भिंत झाकली, वर प्लास्टिक ताणलं. जागेची पाहणी करायला नगरपालिकेचे साहेब आले ते भर पावसात. येतील तेव्हा पाऊसच असेल अशा बेतानं मी अर्ज दिला होता.

"या भिंतीला खिडकी आहे?" त्यांनी छत्रीखालून विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

पलीकडे ओटीवर वहिनींचं काम चाललं होतं. टिक टिक थांबली. जरा वेळानं पुन्हा सुरू झाली.

उघडिपीत आमच्या भिंती चढल्या. दसऱ्याला झाप काढायला गेलो तर वर दोन भिंतींमध्ये माणूस शिरणार नाही एवढीच फट उरलेली. झावळ्या मी वरून दोरीनं ओढून काढल्या. वहिनींनी आतून खिडकी उघडली. मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा त्या गजांतून हात बाहेर काढून आमच्या कोऱ्या भिंतीवर तळवा टेकवून उभ्या होत्या.

"भावजी, झाप काढलीत ना?"

"व्हय वहिनी, काढली."

"मग पाऊस नाय गेला अजून."

एवढंच बोलल्या आणि खिडकी लावून घेतली. त्या दिवसापासून त्या दिवसाढवळ्या बल्ब लावून बसू लागल्या.

नव्या खोलीला रंग दिला. पहिल्याच पावसाळ्यात पूर्वेची भिंत ओल धरून काळवंडली, मधला एक चौकोन सोडून. तो कोरडा राहिला, फिकट, खिडकीएवढा. गवंडी म्हणाला, पलीकडच्या बल्बची ऊब लागत असेल. मी मान हलवली. पुन्हा रंग दिला, पुढच्या पावसाळ्यात चौकोन पुन्हा दिसू लागला. सून त्या भिंतीकडे पाय करून झोपायची नाही. कुणाच्या तरी दारात पाय पसरल्यासारखं वाटतं, म्हणायची. थोड्या वर्षांत मुलानं रोह्यालाच बिऱ्हाड केलं. शिफ्टचं कारण सांगितलं.

आमच्या घरच्या गणपतीचे डोळे वहिनीच काढत. खोली झाल्यानंतरच्या पहिल्या गणपतीत आरती करताना बायको हळूच म्हणाली, हा आपल्याकडे बघत नाही. मलाही ते दिसलं होतं. बुबुळं किंचित एका अंगाला गेली होती. पुढच्या वर्षी आणखी थोडी. पाट फिरवून पाहिला, समई इकडची तिकडे केली. कुठंही उभं राहिलं तरी मूर्ती आपल्या शेजारून पलीकडे बघायची. शेवटी मी वहिनींना विचारलं.

"नजर उजेडाकडं जाते, भावजी," त्या म्हणाल्या. "मूर्तीला ठाऊक असतं उजेड कुठं हाय ते. मी काय करणार?"

पुढे त्यांना दिसेनासं झालं. बल्बच्या उजेडानं झालं की वयानं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी दोन्ही शक्यता बरीच वर्षं मनात घोळवल्या आणि दरवेळी वयाच्या बाजूनं निकाल दिला. त्यांची लेक रोह्याजवळच्या अष्टमी गावात असते. ती त्यांना घेऊन गेली. घराला कुलूप लागलं.

त्यानंतर एका दुपारी मी गॅरेजवरच्या खोलीत जुने कागद आवरत होतो. ऊन कललेलं होतं. भिंतीतून आवाज आला. टिक, टिक. उंदीर असेल म्हणून मी थाप मारली. आवाज थांबला, आणि जरा वेळानं पुन्हा सुरू झाला. साहेबांना मी नाही म्हणालो तेव्हाही तो असाच थांबला होता. बायको तोवर राहिली नव्हती, त्यामुळे तुलाही ऐकू येतंय का, असं कुणाला विचारायची सोय नव्हती.

गेल्या वर्षी मुलगा आला तो आणखी एक मजला चढवायचा बेत घेऊन. नकाशा मीच काढावा, असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हटलं. खालचा मंजूर असताना वरच्याला अडचण काय, असं त्यानं विचारलं, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो त्या फिकट चौकोनाकडे वळला.

"बाबा, त्या काय बोलल्या नाहीत इतकी वर्षं. आता उकरून काय मिळणार?"

त्यांना खिडकी मिळेल, मी म्हणालो. आंधळ्या बाईला? असं तो म्हणाला.

मी खिडकीसकट खरा नकाशा काढला आणि नगरपालिकेत नेऊन दिला. तिथला कारकून हसला. "काका, लोक मजला चढवायला इथं खेपा घालतात, आणि तुम्ही उतरवायला आलात होय?"

मग अष्टमीला गेलो. रोह्याला उतरून नदीच्या पुलावरून चालत गेलो, तेवढाच वेळ मिळावा म्हणून. वहिनी दारात खुर्चीवर बसल्या होत्या. माझा पाय वाजताच, या भावजी, म्हणाल्या. मी खाली बसून सांगितलं. त्या ऐकत होत्या, बोटं मांडीवर काहीतरी रेखत होती.

"मला म्हाईत होतं," त्या म्हणाल्या. "त्या साली झाप तुम्ही पार जोत्यापर्यंत आणलीत. आणि साहेबाला नाय म्हणालात ते ऐकलं मी. वाटलं, दसऱ्यापर्यंत सांगाल आपणहून."

त्यांनी लेकीला घराची किल्ली द्यायला सांगितली. भिंत पडली की खिडकी उघडा, म्हणाल्या, आणि मला फोन करा.

पाऊस सरल्यावर खोली उतरवली. भिंतीवर पहिला घाव त्या चौकोनावरच घालायला मी सांगितलं होतं. सगळा राडारोडा निघाल्यावर, दुपार कलताना, मी वहिनींचं कुलूप काढून आत गेलो. पाट जागेवर होता. शेजारी रंगाची वाटी, तळाशी काळा रंग तडकून वाळलेला. मी खिडकीच्या झडपा आत ओढल्या, अंगावर ऊन आलं, आणि तिथंच उभं राहून फोन लावला. लेकीनं तो त्यांच्या कानाशी धरला.

"उघडली, वहिनी. आलं ऊन."

त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग नेहमीच्या, कामात असतानाच्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, जरा बाजूला व्हा. पाटावर सावली पडलीय तुमची."

मी वळून पाहिलं. पडली होती.

मी बाजूला झालो.