शिकाऱ्याची खुर्ची आणि आमची मांडी

"सब लोगां राजा कू दस में से नौ दिये," सलीमभाई म्हणाले. "अब काइकू सोच में पड़ गये, बेटा? भेज दो."

सॅम्पल रूममध्ये समोर तीन खुर्च्या उभ्या होत्या आणि मी चौथ्यांदा त्यांच्याभोवती फिरत होते. सलीमभाई आमच्या सॅम्पल रूमचे प्रमुख. पाइप वाकवणं, कापड शिवणं, सांध्यांत वॉशर बसवणं, सगळं त्यांच्याकडे. खुर्च्यांची नावंही त्यांनीच ठेवलेली. उंच पाठीची, कमरेला जाड पॅड असलेली ती राजा. बिनपाठीची तिपाई नुसतीच तिपाई. आणि बसकी, जड, दिसायला ओबडधोबड ती भैंस.

आमची कंपनी लहान आहे. दिलसुखनगरला एका कोचिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर ऑफिस. आम्ही कॅम्पिंगचं सामान बनवून बाहेरच्या देशांत पाठवतो. त्यातली एक वस्तू म्हणजे हंटिंग चेअर. शिकारी जंगलात छोट्या तंबूत लपतो आणि जनावराची वाट बघत तासन्तास बसतो. त्याला घडी करून खांद्यावर नेता येईल अशी खुर्ची लागते. तिने कुरकुरायचं नाही आणि पाठीला नीट आधार द्यायचा. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, पण खुर्ची बनवायला नाही. मी स्वतः हरणाच्या बाजूची आहे. इंटरव्ह्यूत ते कुणी विचारलं नव्हतं.

माझं काम प्रॉडक्ट टेस्टिंगचं. वस्तू पाठवण्याआधी ती वापरून बघायची, लोकांना वापरायला द्यायची आणि कुठली पाठवायची ते सांगायचं. मी प्रोबेशनवर होते. आमची आधीची खुर्ची बायरने, म्हणजे तिकडच्या खरेदीदाराने, परत केली होती. तक्रार एकच होती: थोड्या वेळाने पाय बधिर होतात. आमचे बॉस श्रीनिवास सर तेव्हाच म्हणाले होते, "ही दुसरीही परत आली, तर खुर्च्यांचं काम बंद." मला खुर्च्यांसाठीच घेतलेलं होतं. पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती.

म्हणून मी सिट टेस्ट ठेवली. सिट टेस्ट म्हणजे ऑफिसमधल्या लोकांना एकेका खुर्चीवर बराच वेळ बसवायचं आणि मग विचारायचं, पाठ कशी आहे, कंबर कशी आहे, पाय कसे आहेत. सगळ्यांनी राजाची तारीफ केली. पाय? पाय मस्त. आधीच्या खुर्चीवरही बसवून पाहिलं, तर तिथेही पाय मस्त. सर हसले. "बायरचे लोक नाजूक आहेत, अम्मा. आपले लोक दणकट." त्यांनी बायरला मेलही करून टाकली की आम्ही राजा निवडली आहे. कुरियर दुसऱ्या दिवशी जाणार होतं.

मला मात्र चैन पडेना. ज्या खुर्चीने तिकडे पाय बधिर होतात, तिच्यावर इथे एकाच्याही पायाला मुंग्या का येत नाहीत? घरी काचीगुड्याला जेवतानाही मी तेच चघळत होते.

"काय चुळबुळ लावलीस गं?" आई म्हणाली. "खुर्च्या तपासायची नोकरी आणि तुला स्वतःला दोन मिनिटं धड बसता येईना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सॅम्पल रूममध्ये गेले. चपला दाराबाहेर काढल्या, कारण आत पांढऱ्या कापडाचे तागे असतात आणि सलीमभाई पादत्राणं आत येऊ देत नाहीत. मी राजावर बसले. पाठ टेकवली, कमरेचं पॅड जागेवर आहे का बघितलं, डोळे मिटले आणि पायांना कधी रग लागते त्याची वाट बघत राहिले. ती लागलीच नाही. शेवटी कंटाळून उठायला गेले आणि अडखळले. माझा डावा पाय माझ्याच उजव्या मांडीखाली होता. तो तिथे कधी गेला, मला आठवेना.

मी बाहेर हॉलमध्ये आले. अकाउंट्सच्या पद्मा मॅडम कॉम्प्युटरसमोर दोन्ही पाय वर घेऊन, साडी सावरून, चक्क मांडी घालून बसल्या होत्या. टेबलाखाली त्यांच्या चपला रिकाम्या पडल्या होत्या. त्यांच्या पलीकडच्या टेबलाखालीही रिकाम्या चपला. मी वाकून वाकून बघत ओळीने पुढे गेले.

"काय हरवलं, पिल्ला?" पद्मा मॅडमनी विचारलं.

"काही नाही, मॅडम." मी पुढच्या टेबलाखाली वाकले.

आता खुर्चीचं थोडं सांगायला हवं. राजाचं कापड चार पाइपांमध्ये ताणलेलं असतं. माणूस बसला की कापड मध्ये झोळीसारखं खाली जातं, पण पुढचा आडवा पाइप जागचा हलत नाही. तो पाइप मांड्यांना खालून दाबतो आणि रक्त अडतं. ज्याचे पाय खाली सोडलेले आहेत, त्याला हे कळतं. आम्ही सगळे अनवाणी बसलो होतो आणि कंटाळा आला की एक पाय वर घेत होतो. मांडीखाली पाय गेला की पाइपाचा जाच संपला. शिकाऱ्याच्या पायात गुडघ्याला टेकणारे बूट असतात. तो पाय वर घेऊ शकत नाही. हललाच, तर हरीण पळतं.

मी सरांच्या केबिनबाहेर दोनदा उभी राहिले आणि दोनदा पाणी प्यायला गेले. तिसऱ्यांदा आत गेले.

"सर, राजा पाठवू नका."

"काय झालं? तुझी टेस्ट, तुझी सही. मी मेल केली आहे."

"टेस्ट चुकली."

"कुणामुळे?"

"सगळ्यांमुळे. आपण पाय वर घेऊन बसलो."

"मी नाही बसत तसा," सर म्हणाले.

मी टेबलाखाली बघितलं. तिथे सरांचा एक बूट एकटाच होता. त्यांनीही वाकून बघितलं, आणि वर घेतलेला पाय हळूच खाली सोडला.

"ठीक," ते म्हणाले. "दुपारपर्यंत सिद्ध कर. नाहीतर राजा जाईल."

बूट घालून टेस्ट करायची, हे सांगताच सलीमभाईंनी दार अडवलं. "जूते पहन के अंदर? नक्को बेटा, नक्को. मेरा पूरा कपड़ा सत्यानास."

म्हणून आम्ही खुर्च्या खाली पार्किंगमध्ये नेल्या. राजाचे दोन नमुने होते, भैंसचा एक; तिपाईला पाठच नव्हती, ती वरच ठेवली. पद्मा मॅडमनी साडीवर वॉकिंगचे शूज चढवले. सर बुटांत होतेच. भैंसवर सलीमभाई बसले. नियम मी सांगितले. माझा आवाज नेहमीसारखाच लहान होता, त्यामुळे ते दोनदा सांगावे लागले: दोन्ही तळवे जमिनीवर, फोन बंद, बोलायचं नाही, गेटकडे बघत राहायचं.

कोचिंगची पोरं जाता-येता थांबून बघायला लागली. "अंकल, बस नहीं आती इधर," एक म्हणाला. सरांनी नियम पाळला आणि उत्तर दिलं नाही.

थोडा वेळ सगळं शांत होतं. मग पद्मा मॅडम शूजच्या आत बोटं हलवायला लागल्या. मग सरांचा गुडघा वर निघाला.

"सर, पाय खाली," मी म्हणाले. त्यांना मी कधी काही करायला सांगितलं नव्हतं. त्यांनी पाय खाली घेतला.

आणखी काही वेळाने जे दिसलं, ते मलाही माहीत नव्हतं. पाइप टोचायला लागल्यावर दोघंही नकळत पुढे सरकले. मांड्यांवरचा भार कमी करायला पार काठावर येऊन, वाकून बसले.

"सर, कमरेचं पॅड कुठे आहे?"

"मागे."

"आणि तुम्ही?"

त्यांनी मागे हात घातला. पाठ आणि पॅड यांच्यामध्ये त्यांचा अख्खा पंजा मावला. ज्या पॅडची आम्ही मेलमध्ये जाहिरात केली होती, ते हवेला आधार देत होतं.

"देवुडा, माझे पाय मेले," पद्मा मॅडम म्हणाल्या. "कुणीतरी उठवा मला."

भैंसवर सलीमभाई पाठ टेकून बसले होते. तिच्या बैठकीचा पुढचा काठ पाइपाचा नव्हता. तिथे रुंद पट्टा होता आणि पाइप त्याच्या बराच खाली. पॅड साधंच होतं, पण पाठ त्याच्यापासून सुटत नव्हती. सरांनी सलीमभाईंना उठवलं, स्वतः बसून बघितलं आणि बराच वेळ उठले नाहीत.

"दिसायला घाण आहे," शेवटी ते म्हणाले. "वजन किती आहे हिचं! उचलून नेणारा शिव्या घालेल."

"हो, सर."

"मेलमध्ये काय लिहू? आमचे लोक मांडी घालतात म्हणून?"

"लिहा, सर. खरं तेच आहे."

त्यांनी तसं लिहिलं नाही. "पुढील तपासणीत आढळले" असं काहीतरी लिहिलं आणि भैंस पाठवली. बायरने वजनाबद्दल कुरकुर केली, पायांबद्दल केली नाही. ऑर्डर आली, पण आम्हाला हवी होती त्यापेक्षा लहान. खुर्च्यांचं काम चालू राहिलं. माझं कन्फर्मेशन एका ओळीच्या मेलने आलं. त्यात अभिनंदन वगैरे काही नव्हतं. खाली सरांनी जोडलं होतं, "वजन कमी कर." आता मी तेच करते आहे आणि ते जमत नाही.

खुर्ची घ्यायला जाणाऱ्यांनी मला विचारलं, तर मी आता एवढंच सांगते. दुकानात बसून बघा, पण पाय खाली ठेवून, पायात जे घालून बसणार तेच घालून, आणि पाठ टेकलेली आहे ना हे दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगून. माणूस "आरामशीर आहे" म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तो खुर्चीबद्दल बोलत नसतो. त्या खुर्चीत त्याने स्वतःची जी सोय करून घेतलेली असते, तिच्याबद्दल बोलत असतो.