साफ केलेला चेहरा

निवृत्त झाल्याला आता काही वर्षं झाली, पण रंगीत फोटोचा गुळगुळीत कागद हातात आला की मला मारेगावकडची ती म्हातारी आठवते. खून आणि दरोड्यांचे तपास मी पुष्कळ केले. त्यातले बरेचसे विसरलो. हा तपास मात्र डोक्यातून जात नाही.

त्या भागातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो, तेवढ्यात पन्नाशीचा एक शेतकरी आला. घरचे सगळे कापूस वेचायला गेलेले असताना त्याची म्हातारी आई घरातून निघून गेली होती. वयामुळे तिला विसर पडायला लागला होता. आम्ही मिसिंग, म्हणजे बेपत्ता असल्याची तक्रार, दाखल करून घेतली आणि फोटो मागितला. त्याने मुलीच्या लग्नाच्या अल्बमातून आईचा फोटो कापून आणला. चकचकीत, टवटवीत रंगांचा फोटो होता. तोच आम्ही जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना पाठवला, बसस्थानकांवर लावला, मोबाइलच्या ग्रुपांवर टाकला. कुठूनही काही कळलं नाही.

मग ठाण्यात एक फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही.

"साहेब, बुढी कोठी हरवली नाई. पोराच्या वावरातली विहीर पाहा." एवढं बोलून फोन बंद.

ते वावर, म्हणजे शेत, अजून म्हातारीच्याच नावावर होतं, त्यामुळे संशयाला जागा होती. आम्ही मोटर लावून विहीर उपसली. गाळाशिवाय काही निघालं नाही. पण गावाचा पंचनामा आमच्या आधीच झाला होता. पारावरचे लोक त्या शेतकऱ्याला पाहून उठून जायला लागले. नुकत्याच लग्न झालेल्या त्याच्या मुलीला सासरचे माहेरच्यांशी बोलूही देईनात. म्हातारी जिवंत सापडली नाही, तर हा माणूस गुन्हा शाबीत न होताच जन्मभर खुनी ठरणार होता.

त्याला चौकशीला बोलावलं. ओरडून विचारण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. मी एकच प्रश्न चार बाजूंनी विचारतो. रचून सांगणारा दर वेळी तेच शब्द सांगतो, खरं सांगणारा अडखळतो आणि चुकतो. हा माणूस भरपूर चुकत होता. शेवटी मी म्हटलं, "आईची ओळख सांग."

"रंगानं काळी हाये साहेब. कपाळावर हिरवं गोंदन हाये. तीन टिपके अन् खाली रेघ. हनुवटीवरबी एक हाये."

मी फोटो त्याच्यापुढे सरकवला. फोटोतली बाई गोरी होती. कपाळ आरशासारखं स्वच्छ.

"मग ही कोण? कोणाचा फोटो दिलास मला?"

तो फोटोकडे पाहतच राहिला. "मायच होय, साहेब. लुगडं मायचंच होय. पन गोंदन कोठी गेलं? म्या तं फोटोत कधी ध्यान देऊन पाह्यलंच नाई."

"लपवून राह्यला हा," माझा हवालदार म्हणाला. मीही चिडलो होतो. पण मला एक गोष्ट पटेना. पोलिसांना फसवायला दुसऱ्याच बाईचा फोटो देणारा माणूस स्वतःच्या तोंडाने गोंदणाचं नाव काढेल कशाला? आणि मग घरातल्या कोणालाच हा फरक दिसला कसा नाही? मला वाटतं, घरचा माणूस फोटो पाहतच नाही. लुगडं ओळखलं की चेहरा तो आपल्या मनातलाच लावतो.

अल्बम वणीच्या एका फोटो लॅबमध्ये तयार झाला होता. मी स्वतः गेलो. बाहेर रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ, आत थंडगार खोली आणि फोटो धुण्याच्या औषधांचा आंबट वास. मशीनमध्ये कागदाचा रोल जात होता आणि धुऊन, वाळून फोटो गरम गरम बाहेर पडत होते. लॅबच्या मालकीणबाई स्वतः संगणकावर बसून एकेका फोटोचे रंग जुळवत होत्या. मोठ्या बोलक्या आणि हजरजबाबी बाई.

"हे आमचंच काम होय," त्या अभिमानाने म्हणाल्या. "साफ केलेला फोटो हाये."

"साफ म्हणजे?"

"रंग उजळायचा अन् डाग काढायचे. आमी सगळ्यायलेच साफ करतो."

"गोंदण हा डाग आहे का, बाई?"

"लगनाचा अल्बम पोरीच्या सासरी जाते, साहेब. त्यात मानसं काळी दिसली तं गिऱ्हाईक मलेच बोलते. कोन्या हरवलेल्या बुढीले याच्यावरून शोधतील, हे कोनाच्या ध्यानात येते?" त्या म्हणाल्या.

मूळ फोटो संगणकात होता. बाईंनी तो उघडला आणि मी खुर्ची पुढे ओढली. सावळा, सुरकुतलेला, मिस्कील चेहरा. कपाळावर तीन टिपके, खाली रेघ, हनुवटीवरही गोंदण. त्या क्षणी मी त्या शेतकऱ्याला मनातल्या मनात संशयातून सोडून दिलं.

"हा असाच छापून द्या," मी म्हटलं.

पहिली प्रत आली ती पुन्हा गोरीच. मशीन आपणहून चेहरे उजळत होतं. बाईंनी ती सोय बंद केली, पण दुसऱ्या वेळी त्यांचाच हात सवयीने रंगांच्या आकड्यांवर गेला. "थांबा," म्हणून त्या स्वतःवरच हसल्या. मग हवी तशी प्रत निघाली. त्यांनी वरून चकाकीचा थर दिला नाही. भिंतीवर लावल्यावर उजेडाने चेहरा झाकला जाऊ नये, म्हणून.

नवा फोटो सगळीकडे गेला आणि लवकरच ढाणकीच्या बाजारातून एका भाजीवालीचा फोन आला.

"तुमचा पयला फोटो मीबी पाह्यलता. म्हटलं, कोन्या बंगल्यातली गोरी बाई असंल. हे तं आमच्या दुकानावर बसते ते आजी होय."

म्हातारी चुकीच्या बसमध्ये बसून तिकडे पोचली होती. माहेरच्या गावापलीकडे तिला काही सांगता येत नव्हतं. भाजीवालीने तिला घरी ठेवून घेतलं होतं आणि बाजारात येणाऱ्या प्रत्येकाला त्या गावाचा पत्ता विचारत होती. आम्ही मुलाला घेऊन गेलो, तेव्हा म्हातारी लसूण सोलत होती. मुलगा तिच्यापुढे मटकन बसला आणि रडायला लागला. तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"जेवला काय रे तू?"

माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. ओळख पटवण्याचं काम बाकी होतं, म्हणून मी दोन्ही फोटो तिच्यापुढे धरले. गोऱ्या फोटोकडे पाहून ती म्हणाली, "हे बाई कोन होय?" दुसऱ्यावर तिने बोट ठेवलं आणि तेच बोट आपल्या कपाळाला लावलं.

"हे मी. हे गोंदन माह्या मायनं काढून देल्लं."

गावात परतलो तेव्हा जीप मी मुद्दाम पारापाशी थांबवली आणि मायलेकांना तिथूनच घरापर्यंत चालत जायला लावलं. या वेळी कोणी उठून गेलं नाही. मुलगी दुसऱ्याच दिवशी आजीला भेटायला आली. तिला पोचवायला सासरेही आले होते.

हरवलेला माणूस शोधताना आपण बहुतेक वेळा त्याचा चेहरा शोधत नाही, तर लोकांना आवडावा म्हणून घडवलेला चेहरा शोधतो, हे मला त्या तपासाने शिकवलं. पुढे कुठल्याही ठाण्यात असलो तरी मिसिंगचा फोटो घेताना मी आधी विचारायचो, "घरी दिसतात तसेच आहेत ना हे?"

माझ्या निरोपसमारंभाचे फोटो छापायला मी त्याच लॅबमध्ये दिले. बाईंनी आता एक रीत ठेवली होती. काम सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचं. त्यांनी मलाही विचारलं, "साहेब, साफ करू काय?"

"नको," मी म्हटलं. "उद्या मी हरवलो तर?"